चिप्रिआन पोरुम्बेस्कु: रोमानियाच्या समूहगान-रचनाकाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्य समूहगानाची गोडी लागलेली मंडळी बहुधा बाखपासून सुरुवात करतात आणि पुढची पाचदहा वर्षं जर्मनीतच रमतात. तिथून पूर्वेला सरकलं की रोमानियात सगळ्यात आधी कानावर पडतं ते पोरुम्बेस्कुचं नाव. त्याच्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान.

हा पोरुम्बेस्कु नेमका कोण?

चिप्रिआन पोरुम्बेस्कु. जन्म १४ ऑक्टोबर १८५३, मृत्यू ६ जून १८८३. तिशीही गाठली नाही. एवढ्या काळात त्यानं समूहगीतं, एकल गीतं, पियानो आणि व्हायोलिनच्या रचना आणि एक संगीतिका लिहिली. व्हायोलिनच्या एका रचनेमुळे बाहेरच्या जगात तो ओळखला जातो, पण त्याच्या देशात त्याच्या चाली शाळेत, चौकात आणि मैदानात गायल्या गेल्या. एक चाल तर दुसऱ्याच देशाचं राष्ट्रगीत होऊन बसली. तिच्याकडे पुढे येतोच.

तो रोमानियन होता की ऑस्ट्रियन?

भाषेनं आणि मनानं रोमानियन, कागदोपत्री ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग सम्राटाचा प्रजाजन. त्याचं गाव बुकोविना प्रांतातलं. हा प्रांत मोल्दोवाच्या राज्यातून तोडून १७७५ मध्ये ऑस्ट्रियानं घेतला. तिथे रोमानियन, रुथेनियन (आजच्या भाषेत युक्रेनियन), ज्यू, जर्मन, पोलिश असे सगळे नांदत होते, आणि सरकारी कारभार जर्मनमध्ये चाले.

त्याचं जन्मगाव शिपोतेले सुचेवेई आज युक्रेनमध्ये आहे. वडील जिथे पाद्री होते आणि जिथे तो वाढला, ते स्तुप्का आज रोमानियात. चेर्नाउत्सी, जिथे तो कॉलेजला गेला, ते आज युक्रेनमधलं चेर्निव्त्सी. व्हिएन्ना तर व्हिएन्नाच. आणि जिथे त्यानं नोकरी केली ते ब्राशोव तेव्हा हंगेरीच्या अमलाखाली होतं. म्हणजे ज्याला रोमानिया आपला राष्ट्रीय संगीतकार म्हणतो, त्यानं त्या काळच्या रोमानिया नावाच्या राज्यात ना शिक्षण घेतलं, ना नोकरी केली. त्याची गाणी समजून घ्यायची तर हे आधी लक्षात ठेवावं लागतं. ज्यांना स्वतःचं राज्य होतं, त्यांच्यासाठी ती लिहिलेली नाहीत.

घरची परिस्थिती कशी होती?

बेताची. वडील इराक्लिए ऑर्थोडॉक्स पाद्री होते आणि लिहिणारेही होते. घराण्याचं जुनं आडनाव गोलेंबिओव्स्की असं स्लाव्ह वळणाचं होतं, ते पुढे पोरुम्बेस्कु झालं. अनेक भावंडं लहानपणीच गेली. बहीण मेरिओआरा मात्र शेवटपर्यंत त्याच्याजवळ होती.

संगीत कुठे शिकला?

तुकड्यातुकड्यानं. लहानपणी कारोल मिकुलीचं मार्गदर्शन मिळाल्याचं चरित्रकार सांगतात. मिकुली हा शोपॅनचा शिष्य, मूळचा चेर्नाउत्सीचाच. पुढे सुचावाच्या शाळेत शिक्षण, मग चेर्नाउत्सीला धर्मशास्त्र, कारण पाद्र्याच्या गरीब मुलापुढे तोच रस्ता मोकळा असे. व्हायोलिन बरोबर होतंच, आणि गावच्या लाउतारांचं, म्हणजे लग्नासमारंभात वाजवणाऱ्या फिरत्या वादकांचं वादन कानावर पडत होतं. रीतसर शिक्षण मिळालं ते १८७९ नंतर व्हिएन्नात. तिथल्या कॉन्झर्व्हेटरीतल्या, म्हणजे संगीत महाविद्यालयातल्या, त्याच्या शिक्षकांत आन्टोन ब्रुकनर आणि फ्रांझ क्रेन ही नावं येतात. याच क्रेनकडे थोडं आधी संगीतकार माहलर शिकून गेला होता.

ब्रुकनर त्याच्या लांबलचक सिंफनींसाठी, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनांसाठी, ओळखला जातो, त्यामुळे त्याचा विद्यार्थी म्हटल्यावर लोक अवाढव्य सिंफनीची अपेक्षा धरतात. ती इथे सोडून द्या. दोनेक वर्षांत व्हिएन्नानं त्याला दिली ती हार्मनीची, म्हणजे एकाच वेळी उमटणाऱ्या सुरांच्या जुळणीची, शिस्त. चाली त्याच्याकडे आधीच होत्या.

पुत्नाच्या मठातला किस्सा खरा आहे का?

प्रसंग खरा, संवाद आख्यायिकेत जमा. पुत्नाचा मठ हे मोल्दोवाचा राजा स्टीफन द ग्रेट याचं समाधिस्थान. १८७० मध्ये मठाला चारशे वर्षं पूर्ण होत होती, पण फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे सोहळा पुढे गेला आणि ऑगस्ट १८७१ मध्ये झाला. वेगवेगळ्या राजवटींखालचे रोमानियन तरुण तिथे पहिल्यांदा एवढ्या संख्येनं जमले. कवी मिहाई एमिनेस्कु आणि लेखक इओन स्लाविच हे आयोजकांत होते.

सतरा वर्षांच्या पोरुम्बेस्कुनं तिथे प्रसिद्ध लाउतार ग्रिगोरे विन्दिरेउ याच्या हातातून व्हायोलिन घेतलं, वाजवलं आणि मग वडिलांना म्हणाला, ‘बाबा, मी अख्ख्या दाकियासाठी वाजवलं!’ दाकिया हे रोमन काळातलं त्या भूमीचं नाव. हे वाक्य त्यानं खरंच उच्चारलं की नंतर कुणी त्याच्या तोंडी घातलं, यावर हुज्जत घालण्यात अर्थ नाही. रोमानियात शाळकरी पोरांनाही ते पाठ असतं.

तो तुरुंगात का गेला?

एका तारेमुळे.

१८७५ मध्ये चेर्नाउत्सीत दोन गोष्टी घडल्या. ऑस्ट्रियानं बुकोविना घेतल्याची शंभर वर्षं साजरी करताना सम्राटाच्या नावाचं विद्यापीठ सुरू झालं, आणि रोमानियन विद्यार्थ्यांनी ‘अर्बोरोआसा’ नावाची संघटना काढली. पोरुम्बेस्कु पुढे तिचा अध्यक्ष झाला. नाटकं, व्याख्यानं, कॉयर (समूहगान करणारा गट) असं सगळं तिथे चाले.

१८७७ च्या शरदात रोमानियातल्या यासी शहरात मोल्दोवाच्या ग्रिगोरे घिका या राजाच्या हत्येची शताब्दी पाळली गेली. बुकोविना ऑस्ट्रियाला द्यायला विरोध करणारा हाच राजा, १७७७ मध्ये मारला गेला. अर्बोरोआसानं यासीला तार पाठवली आणि मोल्दोवापासून तोडलेल्या भागाच्या वतीनं शोक व्यक्त केला. ‘तोडलेला भाग’ ही भाषा ऑस्ट्रियाच्या पोलिसांना झोंबली. त्यात त्याच वर्षी रोमानियानं स्वातंत्र्य जाहीर करून तुर्कांविरुद्ध युद्ध पुकारलेलं, त्यामुळे वातावरण आधीच तापलेलं. नोव्हेंबरमध्ये पोरुम्बेस्कु आणि त्याच्या काही सहकाऱ्यांना देशद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. संघटनेवर बंदी आली. खटला ज्युरीपुढे चालला आणि फेब्रुवारी १८७८ मध्ये सगळे निर्दोष सुटले.

पण थंडीचे ते महिने कोठडीत गेले होते. त्याच्या क्षयाची सुरुवात तिथेच झाली असं चरित्रकार मानतात. पाद्री होण्याचा विचार मागे पडला. त्यानं तत्त्वज्ञानाला नाव घातलं आणि मग व्हिएन्ना गाठलं.

त्याची इतकी गाणी फक्त पुरुषांच्या आवाजांसाठी का आहेत?

कारण समोर तेच होते. तेव्हाच्या विद्यार्थी संघटनांत मुली नव्हत्या. मध्य युरोपभर विद्यार्थ्यांच्या आणि हौशी मंडळांच्या पुरुष-कॉयरची लाट होती, आणि पोरुम्बेस्कु त्या लाटेतला. व्हिएन्नात ‘रोमनिया जुना’ या रोमानियन विद्यार्थ्यांच्या मंडळाचं कॉयर त्यानं सांभाळलं. १८८० मध्ये तिथेच त्यानं रोमानियन विद्यार्थ्यांसाठी गीतसंग्रह छापला, मंडळात, सहलीत आणि मेजवानीत एकत्र गाण्यासाठी.

आता थोडं तांत्रिक. पुरुष-कॉयरमध्ये दोन टेनर (उंच आवाज) आणि दोन बेस (खर्जाचे आवाज) असे चार गट असतात. वरचा टेनर चाल धरतो. दुसरा टेनर त्याच्या जरा खाली राहून तिला साथ देतो. बेस तळ सांभाळतात. सगळे आवाज एकाच टापूत दाटीनं बसतात, त्यामुळे नाद भरीव येतो. पण जागा कमी म्हणून चौघांना एकमेकांत फार धावपळ करता येत नाही. पोरुम्बेस्कु हे ओळखून लिहितो. शब्द सगळे एकदम म्हणतात, अक्षराला जवळपास एकेक सूर, आणि चाल अशी की खालचे तिघे चुकले तरी वरचा गट गाणं तारून नेतो. गाणारे कायद्याचे, धर्मशास्त्राचे विद्यार्थी. नोटेशन वाचता येणारे थोडे, बाकीचे ऐकून धरणारे. हौशी मंडळ चालवलेल्या माणसाला अशा लेखनाची किंमत लगेच कळते. काही अभ्यासक या साधेपणाला नाकं मुरडतात, पण त्याच कसोटीवर ही गाणी टिकली.

चर्चसाठी लिहिलं का?

हो. पार्श्वभूमी अशी की ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्यं वापरत नाहीत, सगळं काही गळ्यावर. जुनी पद्धत बायझंटाइन. एकच चाल आणि तिच्याखाली ‘इसोन’ नावाचा अखंड आधारस्वर, आपल्या तंबोऱ्यासारखा, फक्त माणसांच्या आवाजात धरलेला. एकोणिसाव्या शतकात रशियाकडून आणि जर्मन प्रदेशांतून चार आवाजांचं गायन तिथे शिरलं. १८८१ मध्ये पोरुम्बेस्कु ब्राशोवच्या रोमानियन शाळेत संगीतशिक्षक म्हणून रुजू झाला, आणि शहराच्या श्केई भागातल्या सेंट निकोलस चर्चचं कॉयरही त्याच्याकडे आलं. त्याची धार्मिक गीतं या कामातून आली. माझ्या मते त्यांत नेटकेपणा आहे, पण लौकिक गाण्यांतली हुशारी कमी.

अल्बानियाचं राष्ट्रगीत त्याचं आहे हे खरं का?

खरं. शब्द अल्बानियन, चाल पोरुम्बेस्कुची.

मूळ गाणं ‘पे-आल नोस्त्रु स्तेआग’. अर्थ असा की आमच्या झेंड्यावर ‘एकी’ हा शब्द लिहिला आहे. कवी ब्राशोवचे आन्द्रेई बर्सेआनु. १८५९ मध्ये मोल्दोवा आणि वलाकिया ही दोन राज्यं एक झाली, त्या एकीचं हे गाणं. ठेका सरळ पायदळाचा, एकदा ऐकलं की डोक्यात बसतं.

त्या काळात बुखारेस्टमध्ये अल्बानियन लोकांची मोठी वस्ती होती. अल्बानिया तुर्की अमलाखाली, छापखाने आणि मंडळं चालवायची तर परमुलखात. अस्द्रेनी या टोपणनावानं लिहिणारा कवी अलेक्सान्दर द्रेनोवा त्यांच्यातलाच. त्यानं याच चालीवर आपल्या भाषेत ‘एका झेंड्याभोवती’ जमण्याचं गीत लिहिलं. १९१२ मध्ये अल्बानिया स्वतंत्र झाला आणि ते राष्ट्रगीत म्हणून रुजलं. पोरुम्बेस्कुला जाऊन तेव्हा एकोणतीस वर्षं झाली होती. राजेशाही आली, गेली, कम्युनिस्ट राजवट आली, गेली, चाल मात्र तीच राहिली.

फुटबॉल पाहणाऱ्यांना यातली गंमत २०१६ मध्ये दिसली. १९ जूनला फ्रान्समधल्या लियों शहरात युरो स्पर्धेचा साखळी सामना, रोमानिया विरुद्ध अल्बानिया. सामन्याआधी अल्बानियाचे खेळाडू छातीवर हात ठेवून एका रोमानियन संगीतकाराची चाल गायले, रोमानियाचे अकरा जण समोर उभे राहून ऐकत होते. मग ४३ व्या मिनिटाला आर्मान्दो सादिकुनं हेडरवर गोल केला आणि अल्बानिया १-० नं जिंकला. मोठ्या स्पर्धेतला त्यांचा हा पहिला गोल आणि पहिला विजय.

मग रोमानियाचं राष्ट्रगीत कुणाचं?

आजच्या गीताशी पोरुम्बेस्कुचा संबंध नाही. ते १८४८ च्या क्रांतीतलं, आन्द्रेई मुरेशानुच्या कवितेवरचं, १९८९ नंतर स्वीकारलेलं.

पण मधली कहाणी विलक्षण आहे. कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कुच्या काळात, १९७५ मध्ये, ‘पे-आल नोस्त्रु स्तेआग’च्या चालीवर नवे शब्द बसवून ते राष्ट्रगीत केलं गेलं. म्हणजे दोन वर्षं दोन देशांच्या राष्ट्रगीतांची चाल एकच होती. सरकारी समारंभात काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. १९७७ मध्ये ते बदललं आणि आलं ‘त्रेई कुलोरी’, म्हणजे ‘तीन रंग’. हेही पोरुम्बेस्कुचंच, इथे तर शब्दही त्याचेच. पण ते शब्द सरकारनं बदलले आणि पक्ष आणि समाजवाद त्यांत घुसवले. निळा, पिवळा, लाल या झेंड्यावर परक्या राजवटीतल्या विद्यार्थ्यानं लिहिलेलं गाणं शंभर वर्षांनी पक्षाच्या कवायतीला जुंपलं गेलं. १९८९ च्या डिसेंबरात चाउशेस्कु गेला, त्याबरोबर हे राष्ट्रगीतही गेलं. एका पिढीच्या मनात या चालीला अजून त्या कवायतींचा वास आहे, आणि त्यात पोरुम्बेस्कुचा काही दोष नाही.

‘क्राय नोऊ’ काय आहे?

दोन अंकी संगीतिका, म्हणजे ऑपेरेटा. ब्राशोवमध्ये ११ मार्च १८८२ ला पहिला प्रयोग झाला. ‘क्राय नोऊ’ म्हणजे नवी चंद्रकोर. कोर दिसली की गावातली तरुण मंडळी तिच्याकडे आपल्या प्रेमासाठी मागणं मागतात, त्याभोवती गोष्ट फिरते. मूळ लेखन कवी वासिले आलेक्सांद्रीचं. पहिली रोमानियन ऑपेरेटा म्हणून तिचं नाव घेतात. त्याआधीची संगीत नाटकं दाखवून कुणी वाद घालू शकतो, पण सलग गुंफलेलं संगीत आणि गाजलेला प्रयोग या दोन्ही बाबतींत मान तिलाच.

प्रयोग शाळेच्या सभागृहात, हौशी कलाकारांनी केला. त्यामुळे खरा जीव कोरसमध्ये आहे. एकल गाणी सोपी आणि गोड. संपूर्ण ऐकायला वेळ नसेल तर कोरस तेवढे ऐका.

आणि ती व्हायोलिनची रचना?

‘बालादा’, ओपस (रचना-क्रमांक) २९, १८८० मध्ये स्तुप्कात लिहिलेली. रोमानियाच्या शास्त्रीय संगीतातल्या सर्वांत लोकप्रिय रचनांपैकी एक. सुरुवात जणू कुणी एकटाच बसून गुणगुणतोय अशी, मग मध्ये लाउतारांची हुरहूर लावणारी वळणं. इओन वोइकु या व्हायोलिनवादकाचं ध्वनिमुद्रण मिळालं तर त्यापासून सुरुवात करा.

तिच्यामागे बेर्ता गोर्गोनची कहाणी जोडली जाते. बेर्ता शेजारच्या इलिशेश्ती गावातल्या प्रोटेस्टंट पाद्र्याची मुलगी, हा ऑर्थोडॉक्स पाद्र्याचा मुलगा. घरच्यांना पंथ आड आला, लग्न झालं नाही. प्रेम खरं होतं, पण ‘बालादा’तला प्रत्येक सूर बेर्तासाठीच असं मानायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या हळवेपणावर. १९७३ मध्ये त्याच्या आयुष्यावर रोमानियन चित्रपट निघाला, त्यात अर्थातच हे सगळं भरपूर आहे.

तो इतक्या लवकर कसा गेला?

क्षयानं. ‘क्राय नोऊ’ गाजली त्याच वर्षी तब्येत ढासळली. १८८२-८३ चा हिवाळा इटलीत, जेनोआजवळच्या नेर्वी या समुद्रकाठच्या गावात काढला. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉकनं क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं तेही १८८२ च्या मार्चमध्येच. उबदार हवा हाच उपाय, आणि तो ज्याला परवडेल त्याला. तो स्तुप्काला परतला आणि तिथेच वारला. ‘माझं संगीत मरू देऊ नका’ हे त्याचे शेवटचे शब्द म्हणून सांगतात.

ते गाव आता त्याच्याच नावानं ओळखलं जातं. तिथे स्मृतिगृह आहे आणि गावच्या दफनभूमीत त्याची कबर. बुखारेस्टच्या संगीत कॉन्झर्व्हेटरीलाही कम्युनिस्ट काळात त्याचं नाव होतं, ते नंतर बदललं.

खरं सांगा, तो मोठा संगीतकार होता का?

एनेस्कुच्या मापानं नाही. ‘रोमानियाचा महान संगीतकार’ असं एकच नाव हवं असेल तर ते जॉर्ज एनेस्कुचं. पोरुम्बेस्कुची हार्मनी तेव्हाच्या व्हिएन्नासाठीही जुनी होती, आणि मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिण्याइतका अनुभव त्याला मिळालाच नाही. पण चार जणांना ऐकून उचलता येईल, आणि चारशे जणांनी गायलं तरी वाकणार नाही, अशी चाल बांधणं हे वेगळं कसब आहे. ते भल्याभल्यांना जमत नाही. त्या कामात तो पक्का होता.

रोमानियन समूहगानातलं आणखी कुणाचं ऐकावं?

यासीचा गाव्रिल मुझिचेस्कु चर्चसंगीतासाठी. ब्राशोवचाच गेओर्गे दिमा, जो पोरुम्बेस्कुपेक्षा वयानं मोठा आणि १९२५ पर्यंत जगला. बानातमधल्या लुगोजचा इओन विदु, लोकगीतांच्या जवळचा. दुमित्रु किरियाक, ज्यानं १९०१ मध्ये बुखारेस्टला ‘कार्मेन’ हे कॉयर उभं केलं. माझा कल किरियाककडे, कारण लोकचालीला चार आवाजांत बसवताना तो तिला जर्मन कोट चढवत नाही. आणि गायन कुणाचं ऐकावं विचाराल तर १९६३ मध्ये मारिन कोन्स्तान्तिननं सुरू केलेलं ‘माद्रिगाल’ कॉयर.

भारताशी काही धागा?

पोरुम्बेस्कुचा नाही, आणि ओढूनताणून जोडू नये. पुत्नाच्या सोहळ्यातल्या एमिनेस्कुचा मात्र आहे. त्याला संस्कृतची ओढ होती, आणि १८८१ च्या त्याच्या एका प्रसिद्ध कवितेतल्या विश्वोत्पत्तीच्या वर्णनात ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचे पडसाद अभ्यासकांना दिसतात.

आमच्या मंडळाला त्याचं काही गायचं आहे. कसं जमेल?

मूळ रचनांवर हक्क उरलेले नाहीत. आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, हा तर १८८३ मध्ये गेला. मात्र एखाद्या हयात संगीतकारानं केलेली नवी मांडणी वापरणार असाल तर त्याची परवानगी लागेल.

तुमचं कॉयर स्त्री-पुरुष मिश्र असेल तर पुरुषांसाठीचं नोटेशन जसंच्या तसं वाटून देऊ नका. दाटीनं बसलेले चार आवाज मिश्र गटात नुसते उचलून टाकले की मधले भाग विचित्र उंचीवर जातात. मिश्र आवाजांसाठीची मांडणी शोधा, नाहीतर कुणा जाणकाराकडून करून घ्या. उच्चाराला रोमानियन अवघड नाही. बरंचसं लिहिल्यासारखं वाचतात, आणि त्यांचा तो अर्धवट ‘अ’ मराठी तोंडाला इंग्रजांपेक्षा लवकर जमतो. शब्दाच्या शेवटी येणारा पुसट ‘इ’ मात्र पूर्ण गाऊ नका, तो जेमतेम ऐकू यायला हवा.

‘पे-आल नोस्त्रु स्तेआग’ घेणार असाल तर कार्यक्रमपत्रिकेत मूळ गाण्याचं नाव आणि बर्सेआनुंचं नाव ठळक छापा. नाहीतर प्रेक्षकांत कुणी अल्बानियन असला तर तो उठून उभा राहील.